सोळा नंबरची काच

सोळा नंबरची काच पुन्हा जमली असती, तर नागसेनच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी बघू. पेटंटच्या अर्जावर पहिलं नाव. ‘प्रयोगशाळा प्रमुख’ असं छापलेलं कार्ड. प्रतिभा मॅडमच्या शेजारी, एसीच्या खोलीत, चाकांची खुर्ची. सध्याच्या खुर्चीचं एक चाक केव्हाच गेलं होतं आणि तिथं त्यानं रबरी बूच ठोकलं होतं. आणि सगळ्यात शेवटी, पण त्याच्या लेखी सगळ्यात वर, गावाचं तोंड बंद होणं. राहूत, म्हणजे त्याच्या गावी, अजून सगळे म्हणायचे, “दगडोबाचा थोरला शिक्रापूरला बॅटरीच्या दुकानात कामाला हाय.” सणावाराला घरी गेला की कुणी ना कुणी ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन दारात हजर. “नागसेनराव, पानी टाकावं का बदलावी?” केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेला माणूस मग ओट्यावर बसून गपचूप बॅटरीत पाणी टाकायचा.

सायलीला काय मिळणार होतं? ती घोडनदीची, म्हणजे शिरूरची. बी.एस्सी. करून नागसेनच्या हाताखाली लागलेली, अजून कच्चीच. काच जमली तर तिला पक्कं केल्याचं पत्र मिळणार होतं. इतकंच.

आता काचेचं काय ते सांगायला हवं. मॅडमचं म्हणणं सरळ होतं. मोबाइलपासून मोटारीपर्यंत सगळ्या बॅटऱ्या लिथियमवर चालतात आणि ते बाहेरून आणावं लागतं. सोडियम मिठात असतं, आणि मिठाला आपल्याकडं तोटा नाही. पण सोडियमचा कण अंगानं दांडगा. बॅटरी चार्ज होताना तो ज्या बाजूला जाऊन मुक्काम करतो, त्या बाजूला अ‍ॅनोड म्हणतात. पाहुणा उतरला की अ‍ॅनोड फुगतो, गेला की आकसतो; असं थोडे दिवस चाललं की त्याचा भुगा होतो. कथील, म्हणजे आपलं कल्हईचं कथील, सोडियमला भरपूर जागा देतं, पण भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगतं. म्हणून मॅडमनी ठरवलं, कथील काचेत कोंडायचं. खिडकीची काच नव्हे, फॉस्फेटची. भट्टीत वितळवायची, लोखंडी पाटावर ओतायची, वरून दुसरा पाट दाबून एका दमात गार करायची, मग दळून पातळ पत्र्यावर तिचा लेप द्यायचा. “काचेत कण रांगेत उभे नसतात,” मॅडम सांगायच्या, “जत्रेत उभे असल्यासारखे असतात. धक्का बसला तरी सरकून घेतात.”

हे सगळं चाललं होतं शिक्रापुरात, चाकण चौकाच्या अलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. एका बाजूला ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे भरणारा मिस्त्री, दुसऱ्या बाजूला बिहारी कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. मिस्त्रीचा घण पडला की इकडं तराजूवरचा आकडा हलायचा. प्रतिभा मॅडम पुण्यातली कॉलेजातली कायमची नोकरी सोडून या शेडमध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढून बसल्या होत्या. पंधरा काचा झाल्या. पंधराच्या पंधरा बॅटरीत गेल्या आणि आठवडाभरात दमल्या.

सोळावीच्या वेळी फॉस्फेटची बाटली संपली. पुरवठादार रोज म्हणायचा, माल गाडीत चढवलाय. ती गाडी कुठल्या देशात फिरत होती कोण जाणे. तेवढ्यात रविवार आला आणि नागसेन घरी राहूला गेला. जेवून ओट्यावर बसला, तर शेजारी पोतं. त्यावर ठळक छापलेलं: १२:६१:००.

आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, बारा-एकसष्ट म्हणजे ठिबकमधून सोडायचं पांढरं खत. आणि कुठल्याही केमिस्टला विचारा, ते आणि प्रयोगशाळेच्या बाटलीतलं फॉस्फेट एकच. रेणू तोच, बाटलीतला अंघोळ करून आलेला, पोत्यातला न करता. नागसेन शेतकऱ्याचा मुलगा आणि वर केमिस्ट. त्यानं दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडून त्याला हेच बरोबर वाटलं. आईचा एक स्टीलचा डबा घेतला, पोत्यातून भरला, आणि सोमवारी शेडमध्ये येऊन ते खत वाळवून रिकाम्या बाटलीत ओतलं. बाटलीवरचं लेबल होतं तेच राहिलं.

सायली वजन करायला बसली. चमचा हातात धरून थबकली.

“सर, ही पावडर जरा निळसर वाटतीय.”

“ट्यूबचा उजेड आहे. वजन कर.”

“आधीची अशी नव्हती.”

“सायली, ट्यूब बदलायची का पावडर?”

ती हसली नाही. तिनं वजन केलं.

आणि सोळावी काच चालली. नुसती चालली नाही. चार्ज, डिस्चार्ज, पुन्हा चार्ज, आठवडे उलटले तरी हूं की चूं नाही. संगणकावरची रेघ नव्या डांबरी रस्त्यासारखी सपाट. मॅडमनी ती रेघ पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली, आणि बंगळूरच्या एका मोठ्या बॅटरी कंपनीला फोन केला. तिथले लोक म्हणाले, तीन-चार महिन्यांनी येतो. तोवर हीच काच आणखी एकदा करून ठेवा. एकदा झालेल्याला ते लोक काही मानत नाहीत.

तेवढ्यात पुरवठादाराची बाटली आली. शुद्ध, सीलबंद, कंपनीच्या कागदासकट. तिच्यातून सतरावी काच केली. मेली. अठरावी मेली. एकोणिसावी तर सोळावीच्या निम्म्यालाही पोचली नाही.

नागसेन चक्रावला. गलिच्छ मालाची काच उत्तम आणि सोवळ्यातल्या मालाची काच भिकार, हे त्याच्या शिक्षणात कुठंच बसत नव्हतं. त्यानं मनातल्या मनात खताला दोष देऊन पाहिला, तर दोष द्यायला जागा नाही. खत तर जिंकलेलं. बाटलीला दोष द्यावा, तर ती शुद्ध. तो रात्री अंथरुणावर पडून तेच रेणू एकमेकांशेजारी ठेवून बघायचा. दोघं जुळे भाऊ. मग एक कर्तबगार आणि दुसरा आयतोबा कसा?

मॅडमनी दोघांना समोर बसवलं. “सोळावीला आपण काय वेगळं केलं?”

इथं सांगून टाकायला हवं होतं. सांगितलं असतं तर काय गेलं असतं? थोडी बोलणी खावी लागली असती. पण पेटंटवर पहिलं नाव लागणाऱ्या माणसानं, मॅडम, मी आमच्या ओट्यावरचं खत घातलं, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? शिवाय, नागसेननं स्वतःला समजावलं, खतानं फरक पडणं शक्यच नाही. शक्य नसलेली गोष्ट सांगून मॅडमचा गोंधळ कशाला वाढवा?

“गार होण्याच्या वेगाचा फरक असेल,” तो म्हणाला.

“म्हणजे पाट दाबायला उशीर?”

“होत असेल.”

‘असेल’ हा शब्द मोठा सोयीचा. आरोपही होतो आणि अंगाशीही येत नाही. भट्टीतली मूस चिमट्यानं उचलून काच ओतायचं काम नागसेनचं आणि वरचा पाट दाबायचं काम सायलीचं, हे मॅडमना माहीत होतं. त्यांनी सायलीकडं पाहिलं. सायलीनं नागसेनकडं पाहिलं. नागसेननं पाटाकडं पाहिलं.

त्या आठवड्यापासून सायलीचं काम दुप्पट झालं. ती गार पाटावर नुसत्या हवेत दाबण्याची तालीम करायची. शेजारच्या मिस्त्रीनं एकदा पत्र्याच्या फटीतून पाहिलं आणि विचारलं, “ताई, पापड कवा वाळत घालायचे?”

नागसेननं शेवटी मोटारसायकल काढली, तळेगाव ढमढेऱ्यावरून भीमा ओलांडली आणि राहू गाठलं. म्हटलं, तेच खत आणू, वीस नंबरला तेच घालू. काच जमली की आपोआप सगळं मिटेल; सायलीचंही.

पोतं ओट्यावर होतं तिथंच होतं. १२:६१:००. त्यानं तोंड सोडलं, हात घातला, आणि लसणाचे गड्डे बाहेर आले.

“आई, यातलं खत कुठंय?”

धुरपदाबाई चुलीपाशी होत्या. “कंचं खत?”

“ह्या पोत्यातलं. बारा-एकसष्ट.”

“त्या पोत्यात बारा-एकसष्ट कवा व्हतं?”

नागसेन गड्डा हातात धरून उभा. या घरात सिमेंटच्या गोणीत गोवऱ्या असतात, पेंडीच्या गोणीत जुनी पायताणं, आणि युरियाच्या गोणीतली बाजरी खाऊन तो स्वतः एवढा वाढला होता. गोणीवर काय छापलंय ते या गावात दुकानातून घरी येईपर्यंतच खरं. त्यानंतर ती नुसती गोणी. हे राहूतल्या शेंबड्या पोराला ठाऊक. पण चार वर्षं शेडमध्ये राहून नागसेनला बाटलीवर लिहिलेलं खरं मानायची सवय लागली होती, आणि ती सवय तो ओट्यावर घेऊन आला होता.

आबा, म्हणजे दगडोबा, गोठ्याकडून आले. “त्यात मी उरल्यालं समदं वततो. फेकायचं व्हय?”

“आबा, उरलेलं म्हणजे काय काय?”

“आता काय ध्यानात ऱ्हातंय? झिरो बावन्न चौतीसचा तळ व्हता. शेवंतीला आणल्यालं.”

धाकटा पप्पू मोबाइलमधून तोंड वर न काढता म्हणाला, “बोरॉनची पुडी बी व्हती. दुकानदारानं फुकट दिल्याली.”

“ती तू वतली? आन् मी घरभर हुडकतोय.”

“दोन पुड्या व्हत्या आबा. एक झिंकची.”

“झिंक न्हाई, मॅग्नेशियम.”

“झिंक.”

“पुडी कुनी आणली? म्या. तू मला शिकवतो?”

“मी जरा धुण्याचा सोडा टाकला व्हता,” आतून धुरपदाबाईंचा आवाज आला. “मुंग्या झाल्या व्हत्या.”

नागसेननं डोळे मिटले. “आई, खताला मुंग्या लागत नाहीत.”

“मग पोत्याला लागल्या व्हत्या. मला काय ठावं तू येऊन हिशेब मागशील?”

“पण त्यात बारा-एकसष्ट होतं तरी का?”

तिघं एकमेकांकडं पाहू लागले. “आसंल की,” आबा म्हणाले. “त्याबिगर पोतं कुटून आलं?”

“आणि आता ते सगळं कुठंय?”

“सोडलं ठिबकला. कांद्याला दिलं.”

“कांदा कसाय?”

“झ्याक!” आबांचा चेहरा उजळला. मग पडला. “का रं? तरीच तो डबा भरून गेल्याला. तिकडं नेलं व्हतंस?”

“थोडंसं.”

“मंग इचारायचं न्हाई? घरात काय मानसं न्हवती का?”

बंगळूरचे लोक ज्याची वाट बघत होते ते राहूतले कांदे पिऊन बसले होते. नागसेननं वहिवाटीप्रमाणं शेजाऱ्याच्या बॅटरीत पाणी टाकलं, दुकानातून प्रत्येक जातीचं थोडं थोडं खत घेतलं आणि परत आला.

विसावी काच त्यानं अंदाजानं केली. तिला भट्टीतच फेस आला. एकविसावी काळी पडली. बोरॉन जास्त झालं की सोडा कमी पडला? झिंक होतं की मॅग्नेशियम? आबांचं खरं मानावं की पप्पूचं? जगातल्या कुठल्याही पुस्तकात याचं उत्तर नव्हतं, आणि ज्यांच्याकडं होतं त्या तिघांचं आपसात जमत नव्हतं. सोळावीचा एक तुकडा कपाटात होता; तो तपासायला बाहेर पाठवला असता तर आत काय काय आहे ते कळलं असतं. पण पाठवायला मॅडमची सही लागणार, आणि मॅडम विचारणार, “आत काय आहे ते आपल्याला माहीतच आहे ना?”

एकविसावीच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी सायलीला बोलावलं. “तू कष्टाळू आहेस. पण या कामाला हात लागतो, तो प्रत्येकाला नसतो. तुला ठेवता येणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.”

सायलीनं नागसेनकडं पाहिलं. आता मात्र तिनं नजर हलवली नाही. नागसेन भट्टीचा आकडा वाचत होता. भट्टी बंद होती.

तिनं चामड्याचे हातमोजे काढून टेबलावर ठेवले, एकावर एक, आणि पावणेसहाच्या गाडीनं शिरूरला गेली.

बावीस नंबरचा पाट मॅडमनी स्वतः दाबला. त्यांच्या हाताचं कॉलेजात नाव होतं. नागसेननं ओतली, मॅडमनी क्षणाचा उशीर न करता दाबली, आणि काच आरशासारखी सुरेख झाली. बॅटरीत गेली आणि बाकीच्यांसारखीच दमली.

मॅडमनी संगणकावरची रेघ पाहिली आणि खुर्ची वळवली. “मग सायलीचा हात नव्हता.”

नागसेन मुशीचा चिमटा पुसत राहिला.

“नागसेन, मी तुझ्याशी बोलतेय.”

तेव्हा तो बोलला. डबा, ओटा, पोतं, लसूण, मुंग्या, सगळं. बोलताना त्याला वाटत होतं, एवढं सांगितल्यावर तरी आपला गोंधळ सुटेल. पण प्रत्येक वाक्यागणिक तो वाढतच गेला, आणि आता त्यात मॅडमही सामील झाल्या.

“लसूण आधी होता की नंतर?” त्यांनी विचारलं.

“नंतर, मॅडम.”

“नक्की?”

“...विचारून सांगतो.”

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी कपाट उघडलं, सोळावीचा तुकडा काढला आणि तपासणीच्या कागदावर सही केली. मग म्हणाल्या, “हे तुला त्या दिवशी, तिच्यासमोर सांगता आलं असतं.” आणि थोड्या वेळानं, “तिला बोलावून आण. मी फोन केला होता. उचलत नाही.”

घोडनदीत मार्केट यार्डाच्या मागं सायलीचं घर. ती दारात बसून पायमोजे घालत होती. अंगात रांजणगावच्या कुठल्यातरी कारखान्याचा निळा शर्ट.

“मॅडमना सगळं सांगितलं मी,” नागसेन म्हणाला. “पोत्याचं.”

“बरं झालं.”

“तुला माहीत होतं?”

“पोत्याचं नव्हतं. पावडर ती नाही, एवढं कळत होतं. तुम्हाला विचारलं होतं की मी.”

“मग तू का नाही बोललीस मॅडमना?”

“मी?” तिनं एक पायमोजा तसाच सोडला. “सर, बाटली तुम्ही भरली. मी म्हटलं, तुम्ही सांगाल. सतराला म्हटलं, आता सांगाल. अठराला म्हटलं. पुढं म्हणायचं सोडून दिलं. आणि मी सांगितलं असतं, तर आपली चूक सरांवर ढकलते, असंच झालं असतं की.”

“तू परत ये. मॅडमनी बोलावलंय.”

“तुम्ही नाही बोलावलं?”

नागसेननं मोटारसायकलची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

“इकडं मला लॅबमध्येच घेणार होते,” ती म्हणाली. “त्यांनी आधीच्या ठिकाणी फोन केला. मॅडम म्हणाल्या, मुलगी प्रामाणिक आहे, पण हात नाही. मग पॅकिंगला टाकलं. खोक्यावर लिहिलंय तेच आत आहे का, एवढं बघायचं.” ती उठली. “गाडी येईल माझी.”

तिची आई आतून चहा घेऊन आली तोवर दारात नागसेन एकटाच होता. त्यानं चहा प्यायला. नाही म्हणायलाही तोंड नव्हतं.

तपासणीचा निकाल आला. पोटॅशियम होतं, बोरॉन होतं, सोडियम होतं. झिंक होतं आणि मॅग्नेशियमही होतं. म्हणजे बाप आणि धाकटा दोघंही बरोबर, आणि दोघंही एकमेकांना खोटं पाडत बसलेले. यातल्या कशानं काच टिकली, की सगळ्यांनी मिळून, ते निकालात नव्हतं. मॅडमनी त्याच मापानं तेविसावी काच केली. ती सोळावीच्या जवळपास गेली. बरोबरीला आली नाही. का नाही आली, ते अजून कुणाला कळलेलं नाही. नागसेन आता मुंग्यांचाही विचार करू लागलाय. पण बंगळूरच्या लोकांना जवळपास चाललं. त्यांनी दोनदा बघितलं, माना डोलावल्या आणि बोलणी पुढं सरकली.

तर आता कुणाचं काय झालं, ते मांडू. अर्जावर पहिलं नाव प्रतिभा मॅडमचं लागलं, दुसरं नागसेनचं. त्याची चाकांची खुर्ची आली, कार्ड आलं नाही. म्हणजे त्यानं या सगळ्याची किंमत भरली ती नावाची पहिली जागा आणि ‘प्रमुख’ हा एक शब्द, आणि तेवढ्यावर तो सुटला. मॅडमनी रांजणगावला पुन्हा फोन केला, आपली चूक झाली म्हणून सांगितलं. तिकडून उत्तर आलं की लॅबमधली जागा भरली. मॅडमना एवढी एक गोष्ट गिळावी लागली. आबांचं गेलं डबाभर खत. त्या बदल्यात ते पारावर सांगतात की बॅटरीचा शोध मुळात आपल्या पोत्यातला, आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या आता नागसेनकडं न जाता थेट त्यांच्याकडं येतात. पप्पूनं आणि धुरपदाबाईंनी काहीच भरलं नाही.

बाकी सगळं सायलीनं भरलं. आणि ते एकदाच भरून झालं असंही नाही. दुपारपाळीला ती रांजणगावला पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहते. खोकं उचलते, वरचं वाचते, आतलं बघते, पुढं ढकलते. तिच्या कार्डावर ‘मदतनीस’ असं लिहिलंय.